तीन जानेवारीची जमीन

गणपती जाऊन चार दिवस झाले होते. मुंबईकर परतले होते, माटवीची कवंडळं पडवीच्या कोपऱ्यात सुकत पडली होती आणि घरात ती दरवर्षीची शांतता होती, जिच्यात फ्रिजचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. दुपारचा चहा व्हायच्या आधी बाबा माळ्यावर आले. मी तिथे बसून काम करते, कारण फायबरची वायर तिथपर्यंतच पोचली आणि पुढे घरात न्यायला कुणाला जमलं नाही. हातात लाल कापडी पुठ्ठ्याची वही. ‘एवढं कॉम्प्युटरवर करून दे. याद्या करणं हेच तर तुझं काम ना?’ वहीत आमच्या सगळ्या जमिनींची नोंद आहे: सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, आकार, कबजेदार आणि शेवटच्या रकान्यात बाबांच्या बारीक अक्षरात काहीबाही. बाबा वाचत गेले, मी एक्सेलमध्ये टाकत गेले. ‘सत्तावीस, हिस्सा तीन बाय एक.’ एंटर. ‘सत्तावीस, हिस्सा तीन बाय दोन.’ एंटर. माझं लक्ष वहीकडे, बोटं कीबोर्डवर. चाळीसेक ओळी झाल्या, प्रिंट काढली, बाबा ती घेऊन लोट्यावर, म्हणजे घराच्या पुढच्या बैठकीच्या जागेत, जाऊन बसले. पाच मिनिटांनी खालून हाक आली, ‘बाय, आपली जमीन तीन जानेवारीला आहे की काय?’

३/१ ची तीन जानेवारी झाली होती. ३/२ ची तीन फेब्रुवारी. पाच बाय चार पाच एप्रिलला गेली होती. आई हसली, मीही हसले, बाबांनी तर संध्याकाळी शेजारच्या काकांना सांगितलं की आमच्या मुलीने जमिनीचं पंचांग काढलंय. पण रात्री आडवी झाल्यावर ती गोष्ट डोक्यातून जाईना. कारण एक्सेल हे करतं हे मला माहीत होतं. माझी भाकरीच त्याच्यावर आहे. परक्या लोकांच्या इमारतींच्या याद्यांत हे होऊ नये म्हणून मी पगार घेते, आणि घरच्या जमिनीची यादी करताना तेच केलं.

उठून लॅपटॉप उघडला. एक्सेलला तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस. मी तीन बाय एक टाकलं, त्याने चालू साल गृहीत धरलं आणि मनातल्या मनात ४५२९४ असं लिहून ठेवलं. दिसायला तीन जानेवारी, आतून ४५२९४. आता रकान्याला कितीही सांगा की तू तारीख नाहीस, साधा मजकूर आहेस, तो ४५२९४ दाखवतो. मी मुळात काय टाकलं होतं ते त्याच्याकडे उरलेलंच नसतं. गंमत म्हणजे ज्या हिश्श्यांना ‘अ’ किंवा ‘ब’ लागलेला होता, १४/२अ वगैरे, ते सगळे शाबूत होते. वाटणी करताना कुठल्या तरी जुन्या सर्कलने मारलेल्या एका अक्षराने तेवढ्या जमिनी वाचवल्या. यात मी एकटीच फसले नाही ही एक समजूत. जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांकडे तर काही जनुकांची नावंच ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी होती. वर्षानुवर्षं त्यांच्या तक्त्यांत जनुकांच्या तारखा होत राहिल्या, आणि अखेर २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने एक्सेलपुढे हात टेकून जनुकांचीच नावं बदलली. आम्हाला सर्व्हे नंबर बदलायची सोय नाही.

बाबांना माझं काम कधी नीट सांगता आलेलं नाही. ‘घरांचे नकाशे काढते’ इथपर्यंत ठीक चालतं. पण मी नकाशे काढत नाही. मी इमारतीच्या मॉडेलवर काम करते, रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिथे भिंत म्हणजे दोन रेघा नसतात, भिंतच असते. तिला जाडी असते, दगड-विटांचा प्रकार असतो, तिच्यात दार बसवलं तर दाराला ठाऊक असतं की आपण कुठल्या भिंतीत आहोत. इथवर सगळ्यांना आवडतं. खरी कटकट पुढे. इमारतीबद्दल जे जे माहीत असायला हवं ते सगळं मॉडेलमध्ये मावत नाही, आणि ज्यांना माहीत असतं ते मॉडेल उघडत नाहीत. हॉस्पिटल घ्या. ऑपरेशन थिएटरमध्ये ऑक्सिजनचे किती पॉइंट हवेत हे डॉक्टर सांगणार, जमिनीला कुठला विनाइल हे इन्फेक्शन कंट्रोलवाले सांगणार, सॉकेट किती हे मशीन विकणारा सांगणार. यातल्या एकालाही रेव्हिट येत नाही आणि यावं अशी अपेक्षाही नाही. म्हणून त्यांची माहिती बाहेर राहते, एक्सेलमध्ये, नाहीतर खोल्यांसाठीच बनवलेल्या डेटाबेसमध्ये. नॉर्वेच्या लोकांनी त्यासाठी डीरोफस नावाचं एक टूल केलंय, मोठ्या हॉस्पिटलांच्या कामात ते चालतं. आमच्यासारख्यांकडे बहुधा एक्सेल आणि डायनॅमोची एखादी स्क्रिप्ट, म्हणजे रेव्हिटशी आपोआप देवाणघेवाण करणारा छोटा प्रोग्राम. मॉडेलमधली खोली आणि बाहेरच्या तक्त्यातली ओळ, या दोघांची गाठ मारायची आणि ती सुटू द्यायची नाही, एवढंच माझं काम. अन्नपाण्यापुरतं.

२०२३ च्या पावसाळ्यात ती गाठ मी स्वतः सोडली. घाटावरच्या एका शहरातलं हॉस्पिटल होतं, चारशेच्या वर खोल्या, दारं त्याहून जास्त. दारांची यादी मॉडेलमधून एक्सेलमध्ये काढली: नंबर, रुंदी, उंची, आगीला किती वेळ टिकणार, कुलूप कसलं, शिशाचा पत्रा हवा की नको. सल्लागारांनी त्यात भर घातली, परत पाठवली. रात्री अकरा वाजता, दोनदा लाइट जाऊन आल्यावर, मला ती यादी नीट वाचता यावी म्हणून मी एक रकाना चढत्या क्रमाने लावला. एक्सेलने विचारलंसुद्धा, शेजारचे रकाने बरोबर घेऊ का? घाईत ‘नको’ वर बोट गेलं. एक रकाना हलला, बाकीचे होते तिथेच. मग स्क्रिप्ट चालवली. ती स्क्रिप्ट मीच लिहिलेली, आणि आळशीपणे लिहिलेली: यादीतली पहिली ओळ पहिल्या दाराला, दुसरी दुसऱ्याला, असं ओळीने वाटत जाणारी. पंगतीत वाढतात तशी. पंगतीत मधलाच एक उठून गेला की पुढच्या प्रत्येकाच्या पानात दुसऱ्याचं वाढलं जातं. सकाळी सगळे तक्ते स्वच्छ होते. एकही रकाना रिकामा नाही, एकही लाल खूण नाही. असे स्वच्छ तक्ते बघून साहेब लोक खूश होतात.

तीन आठवड्यांनी साइटवरून सुतारकामाच्या ठेकेदाराचा फोन आला. ‘मॅडम, तळमजल्याच्या स्टोअरला शिशाचं दार? आत काय ठेवणार आहात, सोनं?’

एक्स-रेच्या खोलीला साधं फ्लश दार आणि फिनेलच्या बाटल्या ठेवायच्या खोलीला शिशाचं. त्या माणसाला विचारायची गरज नव्हती. यादीत लिहिलंय तसं दार करून, बिल लावून तो मोकळा झाला असता. त्याने खोलीकडे बघितलं म्हणून कळलं. मी तोपर्यंत त्या इमारतीत पाऊलही टाकलेलं नव्हतं. प्रत्येक दाराचा नंबर मला पाठ होता आणि एकाही दाराची कडी मी हातात धरलेली नव्हती.

यावर इलाज सोपा आहे आणि तो मला तेव्हाही माहीत होता. रेव्हिट प्रत्येक वस्तूला जन्मतः एक आकडा देतं, एलिमेंट आयडी. तो यादीत पहिल्या रकान्यात न्यायचा, आणि परत आणताना ओळ कितवी आहे ते बघायचंच नाही, आकडा जुळतो का ते बघायचं. मग यादी उलटी करा, सुलटी करा, अर्धी पाठवा, काही बिघडत नाही. मी तो रकाना काढून टाकला होता, कारण सल्लागारांना तो आकडा बघून घाबरायला होतं, ‘हे काय आहे’ म्हणून ते फोन करतात. फोन वाचवायला गेले.

आणि याची शिकवणी मला घरातच मिळालेली होती, त्याच्या दोनच वर्षं आधी. १६ मे २०२१, रविवार, तौक्ते आमच्या किनाऱ्यावरून वर सरकलं. वाऱ्याचा आवाज दिवसभर एकाच पट्टीत होता, कुणीतरी मोठ्या शिंपल्यात न थांबता फुंकर मारावी तसा. खळ्याकडच्या पाख्यावरची निम्मी कौलं गेली, एक माड गोठ्यावर आडवा झाला, वहाळापलीकडचं पायरीचं जुनं झाड मुळासकट उपटलं. पाऊस तोंडावर आणि सगळ्या गावाला एकाच वेळी सुतार हवा. आमचे मेस्त्री आले तेव्हा त्यांनी वासे हाताने ठोकून बघितले आणि म्हणाले, नुसती कौलं चढवून भागणार नाही, पाखं उतरवायला हवं, निम्मे वासे भुंग्याने पोखरलेत. लॉकडाऊनमुळे मी घरी होतेच. मला वाटलं, हे तर आपलंच काम. मी यादी केली. पूर्वेकडचे वासे पू-१ ते पू-१४, पश्चिमेकडचे प-१ पासून, कोनवासे वेगळे. प्रत्येक वाशावर खडूने नंबर घातला आणि कागदावर शेरा: पू-३ चांगला, पू-७ वरून किडलेला, पू-९ बदलणे. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. मेस्त्री विडी ओढत बघत होते. ‘बाय, कागद तुझो बरो असा. पण वाशाक खंय वाचूक येता?’

मला तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस कोसळला. खळ्यात रचलेल्या वाशांवरचा खडू तासाभरात धुऊन गेला. माझा कागद पिशवीत कोरडा ठणठणीत होता. त्यावर पू-७ किडलेला आहे हे स्पष्ट लिहिलेलं होतं, फक्त पू-७ कुठला ते आता सांगता येत नव्हतं. आमचं घर चौपाखी आहे. कोनवाशाकडे जाणारे वासे एकेक आखूड होत जातात, दोन सारखे नसतात, आणि प्रत्येकाच्या टोकाचा काप निराळा. मी ढिगाकडे बघत उभी. मेस्त्रींनी एक वासा उलटा केला आणि आढ्यावर बसतं ते टोक दाखवलं. तिथे पटाशीने पाडलेल्या खाचा होत्या. खळ्याकडच्या पाख्याला सरळ, मागच्या पाख्याला तिरक्या. एक, दोन, तीन, आणि पाचाला आडवी. उतरवता उतरवता त्यांनी पाडलेल्या त्या ताज्या, लाकूड आतून पिवळं दिसत होतं. आणि त्यांच्या शेजारीच, बोट फिरवल्याशिवाय कळणार नाहीत अशा, काळ्या पडलेल्या जुन्या खाचा. घर उभं केलं तेव्हाच्या. कुणाच्या हातच्या ते मेस्त्रींनाही माहीत नव्हतं, पण त्यांना त्या वाचता येत होत्या, आणि त्यांच्या आणि जुन्या खाचांचा हिशोब जुळत होता. नंबर वाशाच्या अंगावर होता आणि नेमका तिथे, जिथे ऊन-पाऊस लागत नाही, पण बसवताना डोळ्यासमोर येतोच.

त्या आठवड्यात मी त्यांच्या मागे मागे फिरले. एकदा मी कौलांबद्दल विचारलं, त्यांना काही खूण नको का? उतरवलेल्या कौलांचे गठ्ठे न्हाणीच्या भिंतीला लावून ठेवले होते, मंगळुरी कौलं, पाठीवर कारखान्याचं नाव आणि छाप उठवलेला. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला, त्यानंतर ही कौलं समुद्रामार्गे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. मेस्त्रींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जशी मी तांदळाच्या दाण्यांना नावं ठेवायला निघालेय. ‘कौलाक नंबर कित्याक? कौल म्हणजे कौल.’ एका साच्यातलं कुठलंही कौल कुठेही बसतं. छाप बघायचा तो एवढ्यासाठीच की दुसऱ्या कारखान्याचं कौल शेजारी आलं तर खाच खाचेत बसत नाही, फट राहते, गळतं. रेव्हिट शिकवताना आम्ही नव्या पोरांना दोन दिवस घोकवतो, की अमुक गोष्ट टाइपची आहे आणि तमुक गोष्ट इन्स्टन्सची. जातीची माहिती निराळी, व्यक्तीची निराळी. तरी पोरं चुकतात. एका दाराची उंची बदलायला जातात आणि त्या जातीची दीडशे दारं एकदम बदलतात. हा धडा मेस्त्री दीड वाक्यात उरकून परत शिडीवर चढले. कौलाला छाप पुरे, वाशाला खाच हवी. मी मात्र माझ्या प्रोजेक्टमध्ये कौलांनाही नंबर देत आले होते. साबणाच्या प्रत्येक डिस्पेन्सरला.

मापांचं तर विचारूच नका. मेस्त्री फूट, इंच आणि सूत यांत बोलतात. इंचाची आठ सुतं. मी मिलिमीटरवाली. २१०० मिलिमीटरचं दार सांगितलं की ते क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, ‘सात फुटाक सव्वा इंच कमी.’ मला याची मजा वाटायची, जुना माणूस म्हणून. पुढे कधीतरी एका स्क्रिप्टमधून दारांच्या उंच्या जशाच्या तशा बाहेर काढल्या, तर तक्त्यात २१०० च्या जागी ६.८८९७६ असं काहीतरी आलं. मी आधी घाबरले, मग आठवलं: रेव्हिट बाहेरून कितीही मेट्रिक दाखवो, लांबी आत साठवतं ती फुटातच. तुम्ही मिलिमीटर टाका, ते आत फूट करून ठेवतं आणि तुम्हाला दाखवताना परत मिलिमीटर करतं. ६.८८९७६ फूट म्हणजे सहा फूट, दहा इंच आणि पाच सुतं, वर किंचित. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याच्यासमोर बसते तेसुद्धा आतून मेस्त्रीच. फक्त त्याला डोळे मिटायला लागत नाहीत.

एलिमेंट आयडीबद्दल मघाशी मी फारच छातीठोक लिहिलं. त्यातही एक मेख आहे. तो आकडा वस्तूबरोबर जन्मतो आणि वस्तूबरोबर जातो. कुणीतरी एक भिंत पुसून दोन बोटं पलीकडे नवी काढतं; तिच्यातली दारं तिच्याबरोबर गेली. नवी दारं तिथेच बसतात, तीच जात, तीच उंची, बघणाऱ्याला फरक कळत नाही. पण बाहेरच्या तक्त्याच्या लेखी जुनं दार मेलं आणि एक अनोळखी दार दारात उभं आहे. म्हणून भिंत सरकवा, पुसू नका, असं मी दिवसातून चारदा ओरडते. खोल्यांचं याच्या बरोबर उलट. नकाशावरून खोली पुसली तरी ती जात नाही. रेव्हिट एक सूचना देतं, तिचा अर्थ साधारण असा, की ही खोली सगळ्या नकाशांतून काढली आहे, पण प्रकल्पात ती अजून आहे. यादीत तिचं नाव राहतं, क्षेत्रफळाच्या रकान्यात ‘नॉट प्लेस्ड’. जागा नाही, पण नोंद आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच हसत सुटले होते. आमचा सातबारा काढून बघा. अठरा नावं. त्यातली बारा विरार, डोंबिवली, बदलापूरला. गणपतीला येतात, माळ्यावर गाद्या घालून झोपतात आणि जातात. वळईतली एक खोली अजून ‘मोठ्या काकांची खोली’ म्हणूनच ओळखली जाते आणि तिच्यात आम्ही नारळ ठेवतो.

हसले खरी, पण त्या यादीत माझाही प्रश्न आहेच. बाबांना ही यादी आत्ताच का हवी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सत्तरी ओलांडली की माणसं वह्या काढतात. २००५ पासून कायद्याने मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, हे बाबांना ठाऊक आहे. ते शिक्षक होते, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात. पण नोंद कुठल्या नावाने होणार? घरात मी बाय. शाळेच्या दाखल्यावर बाबांचं नाव लावलेली एक, आधारवर नवऱ्याचं नाव लावलेली दुसरी. आमच्या धंद्यात यासाठी एक उपाय आहे. मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचं तर आयएफसी नावाच्या सामाईक रूपात न्यायचं. २०१३ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १६७३९. त्यात प्रत्येक वस्तूला बावीस अक्षरांचं एक नाव मिळतं, कुणाला उच्चारता येणार नाही असं, पण दुसऱ्या कुठल्याच वस्तूचं नसणारं. नीट पाठवलं तर आर्किटेक्टकडे, स्ट्रक्चरवाल्याकडे, एसीवाल्याकडे तेच नाव राहतं. कुणी हाक मारली म्हणून ते बदलत नाही. आपलंही असं एक नाव असतं तर, असं वाटून गेलं. मग वाटलं, ते लक्षात कुणाच्या राहणार? मला बाय म्हणणारी चार माणसं आहेत आता. त्यातल्या कुणालाही माझे बावीस अंक किंवा अक्षरं सांगून उपयोग नाही.

तसा गाठी मारायचा हा उद्योग आमच्या ऑफिसने शोधलेला नाही. गावच्या तलाठ्याच्या दप्तरात तो कधीपासून आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा, एकत्र. त्यावर मालकाच्या नावाशेजारी वर्तुळात एक नंबर असतो, तो फेरफाराचा. तो धरून नमुना सहा उघडायचा, की ती जमीन त्या नावावर कशी आली ते कळतं: खरेदीने, वारसाने, वाटपाने. खातं धरून आठ-अ काढला, की त्या माणसाच्या गावातल्या सगळ्या जमिनी एका कागदावर. एक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बोट दाखवायचं. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी डेटाबेसच्या तासाला हे शिकले तेव्हा फार नवीन काही ऐकतेय असं वाटलं होतं. बाबा ते तोंडी सांगायचे, फणसाचे गरे काढता काढता. वादळानंतर पंचनाम्याला माणसं आली तेव्हा घरपट्टीवर आजोबांचं नाव निघालं. आजोबा जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. दप्तरात गाठ होती, फक्त ओढायला कुणी गेलं नव्हतं. त्या दिवशी बाबा कुणावर चिडले ते कळलं नाही. बहुतेक स्वतःवरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांची यादी नव्याने घेतली. आधी हिश्श्याचा सगळा रकाना निवडून मजकूर म्हणून बांधून टाकला, आणि मग बसले. नुसतं एकदोन ठिकाणी करायचं असेल तर आकड्याआधी एक वरचा स्वल्पविराम टाकला तरी भागतं. तो छापल्यावर दिसत नाही, पण एक्सेलला गप्प बसवतो. बाबांना ते फार आवडलं. ‘न दिसणारा स्वल्पविराम,’ ते दोनदा म्हणाले. मग प्रत्येक जमिनीला मी माझा असा एक साधा क्रमांक दिला, पहिल्या रकान्यात, पुढेमागे कुणी यादी हलवली तरी ओळ आणि जमीन यांची ताटातूट होऊ नये म्हणून. बाबा वाचत गेले, मी प्रत्येक ओळ झाल्यावर थांबून पडद्याकडे बघत गेले. वेळ लागला. खाली आई पेज ढवळत होती, तिचा वास माळ्याच्या फटीतून वर येत होता.

शेवटच्या रकान्याशी आलो. काल मी तो सोडून दिला होता. काय लिहायचं त्याचं मथळ्यात, मी विचारलं, शेरा? बाबा म्हणाले, ‘शेरा नाही. ओळख.’ मी ‘ओळख’ असं टाकलं. ते एकेक सांगू लागले. गडग्याखालची. देवळाच्या वाटेवरची. बारमाही पाणी असणारी. आत्येने सोडून दिलेली. एका ओळीसमोर नुसतं ‘तिथे जाऊ नये’ असं होतं. ते का, हे ते सांगेनात. सत्तावीस, तीन बाय एकशी आल्यावर त्यांनी वहीत बघितलंही नाही.

‘लिही, पायरीखालची.’

‘बाबा, पायरी पडली ना वादळात? खोड आपणच कापून टाकलं.’

‘पडली. मग? कुळाला काय सांगू, सत्तावीस तीन बाय एकमध्ये ये? लिही.’

मी लिहिलं. ते पुढे वाकले, चश्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लागेल इतके जवळ आले आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

‘आता ह्याची तारीख होणार नाही ना?’